किती हललं तर चालतंय

रामलिंग बिराजदार सरांचं म्हणणं एवढंच होतं, की जमीन किती हलली तर चालेल, हे माणसानं एकदा बसून ठरवून टाकावं. आकडा ठरला की वाद मिटला. आकड्याच्या आत हललं तर जेवत राहायचं, आकड्याबाहेर हललं तर ताट ठेवून अंगणात यायचं. किल्लारीच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला असं सुचणं साहजिक आहे. अडचण एवढीच, की निम्म्या गावाला विज्ञान सरांनीच शिकवलेलं होतं, त्यामुळे विज्ञानाचा धाक असा कुणाला फारसा उरला नव्हता.

या सगळ्याच्या मुळाशी होत्या सरांच्या आई, कस्तुराबाई. वय चौऱ्याहत्तर, दात शाबूत, जीभ त्याहून शाबूत. त्र्याण्णवच्या भूकंपात घरातली माणसं वाचली, घर राहिलं नाही. सरकारनं तेव्हा राहायला पत्र्याचं शेड दिलं. त्यात कस्तुराबाई गेल्या त्या गेल्याच. पुढं नव्या गावात प्लॉट मिळाला, त्यावर सरकारी घर झालं, मग सरांनी तिथंच चांगलं तीन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. कस्तुराबाईंनी प्रत्येक वेळी शेड उचलून मागोमाग आणवलं आणि अंगणात ठोकायला लावलं. घरात त्या येत, पण उंबऱ्यापर्यंत. जेवणही उंबऱ्यावर. झोप मात्र पत्र्याखाली. कुणी विचारलंच, तर त्यांचं उत्तर तयार असे.

"पत्रा डोस्क्यात पडला तर खोक पडंल. स्लॅब पडला तर खोक पडायला डोस्कं तरी ऱ्हातंय का?"

पण मागच्या वैशाखात त्या भर दुपारी शेडात चक्कर येऊन पडल्या. लातूरच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, सरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की पुढचा उन्हाळा काही पत्र्याखाली काढायचा नाही, या वयात ऊन पुन्हा डोक्यात शिरलं तर मी जबाबदार नाही. तेव्हापासून सरांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. पुढचा उन्हाळा यायच्या आत आई आतल्या खोलीत झोपली पाहिजे. खोली तर तिच्यासाठीच बांधलेली होती. पंखा होता, पलंग होता, खिडकीला जाळी होती. नव्हती ती आईच.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी सर पुन्हा समजूत घालायला बसले. "माय, ह्या घरात लोखंड किती घातलंय, तुला ठाव हाय का?"

"लोखंडाचं कवतिक मला नगं सांगू," कस्तुराबाई म्हणाल्या. "भुई हालायली म्हून सांगनारं कुणी आन घरात. मंग येते तुझ्या स्लॅबाखाली."

हे त्या विषय संपवायला म्हणाल्या होत्या. पण विज्ञानाच्या शिक्षकाशी बोलताना जपून बोलावं. तो विषय तिथूनच सुरू करतो.

सरांची मुलगी ऋतुजा नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दिवाळीच्या सुट्टीत ती आली ती जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी घेऊन. पेटीत कंपन मोजणारी चकती, बॅटरी, आणि वर पोलिसांच्या गाडीवर असतो तसला एक भोंगा. पेटी भिंतीला लावायची, ती घराची थरथर मोजणार, शून्य ते शंभर असा आकडा देणार. आपण तिला खालची आणि वरची अशी दोन टोकं सांगायची. आकडा दोन टोकांच्या मधे आहे तोवर गप्प. बाहेर गेला की भोंगा, आणि फोनवर संदेश: कंपन स्वीकारार्ह मर्यादेबाहेर.

"वरचं टोक कळलं," सर म्हणाले. "खालचं कशाला? कमी हललं म्हणून कुणी तक्रार करतंय का?"

"पप्पा, उंदरानं वायर कुरतडली तर आकडा शून्यावर जाईल. ते आपल्याला कळाया पायजे ना. तेवढ्यासाठी खालचं टोक." ऋतुजानं प्लग लावला. "आता दोन मिनिटं थांबा, ते चालू होऊन राहिलंय."

'होऊन राहिलंय' ऐकून सरांनी कपाळाला आठी घातली. लातूर जिल्ह्यातली पोर चार वर्षांत नांदेडचं बोलायला लागली, याचं दुःख त्यांना होतं. पण ही वेळ भाषेची नव्हती.

कस्तुराबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. "आगाव सांगतंय का हे?"

ऋतुजा खोटं बोलणारी नव्हती. "न्हाई आज्जी. हालायला लागलं की सांगतंय."

"ते तर मला बी कळतंय."

"पण माय, झोपंत कळंल का तुला?" सर घाईनं मधे पडले. "हे झोपत न्हाई!"

कस्तुराबाईंनी पेटीकडे जरा वेळ पाहिलं. जावई बघायला आल्यासारखं पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. लाव. मी भाईरून बघते."

ऋतुजानं हॉस्टेलच्या खोलीत मोजून आणलेली मर्यादा होती दोन ते वीस. नांदेडच्या हॉस्टेलमधे मुली रात्रंदिवस अभ्यास करतात, किंवा आईबापांना तसं सांगतात, त्यामुळे तिथं हालचाल बेताचीच. पेटी कस्तुराबाईंच्या खोलीतल्या कॉलमवर चढली, सरांनी नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिला भोंगा झाला.

सर तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत अंगणात आले. सरांच्या पत्नी महादेवीवहिनी हातात उलथनं घेऊन आल्या. अख्खी गल्ली बाहेर आली. कस्तुराबाई शेडातल्या बाजेवर बसल्याजागी होत्या. जमीन जिथल्या तिथं होती. फक्त भिंतीपलीकडे दगडोबाची पिठाची गिरणी सुरू झाली होती. आकडा होता चोवीस.

दगडोबाला हे कळलं तेव्हा त्याला फार लागलं. "सर, माझी गिरनी म्हंजे भूकंप हाय का? माझ्या बापाच्या टायमापासून चाललीया. आजवर कुनी भाईर पळालं न्हाई."

"तसं नाही दगडोबा. ही फक्त मर्यादेची गोष्ट आहे."

"म्हंजे मी मर्यादा सोडली?"

सरांनी वरचं टोक तीसवर नेलं आणि दगडोबाच्या घरी चहा पिऊन आले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी महादेवीवहिनी स्वयंपाकघरात ज्वारीच्या भाकरी थापायला बसल्या. स्वयंपाकघर आणि कस्तुराबाईंची खोली यांच्यामधे एकच भिंत, आणि त्याच भिंतीत तो कॉलम. वहिनींचा हात असा, की भाकरी थापली की परातीसकट फरशी दाद देते. पहिली भाकरी अठ्ठावीस, दुसरी तीस. तिसऱ्या भाकरीला भोंगा झाला.

पुन्हा गल्ली बाहेर आली. वहिनी आल्या नाहीत. त्या आतूनच म्हणाल्या, "अहो, तुमच्या यंत्राला सांगा, ही भाकर हाय. हिच्यावरच तुमी एवढे वाढलाव."

त्या दिवशी सरांना दोनच भाकरी मिळाल्या. तिसरी मर्यादेबाहेर होती.

वरचं टोक चाळीसवर गेलं. आता सगळं सुरळीत होईल असं सरांना वाटलं, आणि झालंही असतं, पण उसाचा हंगाम सुरू झाला. सरांचं घर साखर कारखान्याच्या रस्त्यावर. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर उसाचा डोंगर, ड्रायव्हरच्या मागं दोन कर्णे आणि कर्ण्यांतून गाणी. घरासमोर गतिरोधक. हा गतिरोधक तीन वर्षांपूर्वी सरांनीच ग्रामपंचायतीकडे अर्जावर अर्ज करून बसवून घेतला होता, जनहितार्थ. त्यावरून भरलेली ट्रॉली एकदा उतरली, की जनहित पार घराच्या पायापर्यंत पोचायचं. आकडा कधी बावन्न, कधी अठ्ठावन्न. आठवड्यातून दोनदा तरी भोंगा ठरलेला. वरचं टोक साठवर नेलं, तर ट्रॅक्टरवाल्यांनी मोठ्या ट्रॉल्या आणल्या.

सर शाळेत असले की संदेश फोनवर यायचा. नववीच्या वर्गात ते 'ध्वनी' शिकवत असताना खिशातला फोन किंचाळला आणि सर खडू हातात घेऊन मोटरसायकलवर बसले. घरी पोचले तेव्हा कस्तुराबाई शेडात शेंगा सोलत होत्या.

"माय, काय झालं?"

"पंढरीचा टॅक्टर गेला. मोठा भरला होता." त्यांनी चार शेंगा सरांच्या हातावर ठेवल्या. "शाळा सुटली व्हय रं एवढ्यात?"

दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर सरांनी सही केली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "आज भूकंप किती वाजता आहे? तास लावायचे आहेत." असले बोल सर विसरत नसत. त्यांनी ते डायरीत लिहून ठेवले.

याच सुमारास शिवप्पा काकांनी लक्ष घातलं. शिवप्पा काका म्हणजे समोरच्या प्लॉटवरचे निवृत्त तलाठी. कागदाशिवाय या जगात काही घडतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. "रामलिंगा, भोंगा वाजवायलास ते ठीक हाय. पण कागुद कुठाय? उद्या कुनी तक्रार केली, की गावात अफवा पसरिवली, तर? एक अर्ज टाकून ये तालुक्याला."

सर तालुक्याच्या कचेरीत गेले. आपत्तीच्या टेबलावर रुद्राणी मॅडम होत्या. त्यांनी उभं राहून नमस्कार केला, कारण त्या सरांच्याच विद्यार्थिनी. मग त्यांनी कपाट धुंडाळलं आणि म्हणाल्या, "सर, आपत्ती झाल्यावर भरायचा फॉर्म आहे. होण्याआधीचा नाही."

"पण माझं यंत्र आधी सूचना देण्यासाठी आहे."

"सर, राग मानू नका. आठवीला तुम्हीच शिकवलं होतं, भूकंपाचा अंदाज आधी करता येत नाही. वार्षिकला दोन मार्कांना आलं होतं. मी बरोबर लिहिलं होतं."

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि घाम नसताना कपाळ पुसलं. आपण शिकवलेलं एखाद्याच्या एवढं लक्षात राहावं, याचा आनंद मानावा की काय करावं, त्यांना ठरवता येईना. शेवटी मॅडमनीच वाट काढली. प्रत्येक भोंग्यानंतर आपत्ती झाल्यावरचाच फॉर्म भरायचा, आणि सगळीकडे 'निरंक' लिहायचं. मृत, निरंक. जखमी, निरंक. घरांची पडझड, निरंक. जनावरं या रकान्यात मात्र सर अडले, कारण ते प्रामाणिक होते. चौदाव्या भोंग्याला दगडोबाच्या म्हशीनं दावं तोडलं होतं आणि दोन दिवस तिनं धार काढू दिली नव्हती. त्यांनी लिहिलं, 'म्हैस एक, भ्यालेली.' त्या एका ओळीसाठी कचेरीतून पशुवैद्यक येऊन म्हैस बघून गेले. म्हशीनं त्यांनाही धार काढू दिली नाही.

संक्रांतीला वहिनींनी हळदी-कुंकू ठेवलं. पंचवीस-तीस बायका, स्टीलच्या डब्यांचं वाण, तिळाच्या वड्या, बैठक घरात. आणि नेमके गतिरोधकावर दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले आणि तिसऱ्यानं मधून घातला. आकडा पासष्ट. भोंगा असा काही वाजला, की बायका हळदीच्या करंड्यांसकट अंगणात. दगडोबाची बायको गडबडीत दोन डबे घेऊन आली आणि नंतरही ती गडबड तिनं दुरुस्त केली नाही.

शेडाच्या दारात कस्तुराबाई उभ्या होत्या. "या बायांनो, या. हितं पत्रा हाय, घाबरू नगा."

पुढचं सगळं हळदी-कुंकू शेडात झालं. तिथं बायकांना एवढं मोकळं वाटलं, की उखाणे झाले, फुगड्या झाल्या, आणि फुगडीचा आकडा आतल्या पेटीत एकोणचाळीस आला. तेव्हापासून गल्लीत एक रीतच पडली. भोंगा झाला, की कामधाम सोडून शेडात यायचं आणि कस्तुराबाईंच्या चुलीवरचा चहा घ्यायचा. भोंग्याला कुणी भिईना. उलट चार दिवस भोंगा झाला नाही, तर शिवप्पा काका काठी टेकत येऊन विचारायचे, "मशीन बरं हाय नव्हं?"

म्हाताऱ्या बाईसाठी एक यंत्र लावलं, आणि ती सोडून सगळ्या गावाचं मनोरंजन झालं. फेब्रुवारी उजाडला तसं सरांचं मन धास्तावायला लागलं. दुपारी शेडाचा पत्रा हाताला चटका द्यायचा. कस्तुराबाई ओलं फडकं डोक्यावर टाकून बसायच्या. या बाईला आपण एका खोलीत आणू शकत नाही, मग शिकून काय केलं, असं ते फडकं बघून सरांना वाटायचं. आणि आणायची, तर यंत्रानं आधी शहाण्यासारखं वागायला हवं होतं.

तेव्हा सरांनी हा विषय शास्त्रीय पद्धतीनं हाती घेतला. दोनशे पानी वही आणली, वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: कंपन नोंदवही. आठ दिवस, रात्रंदिवस, दर अर्ध्या तासाचा सरासरी आकडा आणि सर्वांत मोठा आकडा. हे सगळं फोनमधे आपोआप साठत होतं, पण सर ते वहीत उतरवत, कारण वहीत नाही ते घडलं असं त्यांनी कधी मानलं नव्हतं. गल्लीत बातमी पसरली, की सर 'नेहमीचं काय' ते ठरवायले. मग ज्यानं त्यानं आपलं नेहमीचं वहीत यावं म्हणून धडपड केली. दगडोबानं मक्याचं पोतं घालून गिरणी पूर्ण वेगानं फिरवली. "घ्या लिहून. पुन्हा म्हनायचं न्हाई." शिवप्पा काकांनी पोरानं झाकून ठेवलेली जुनी बुलेट बाहेर काढली आणि अंगणात दहा मिनिटं तिचा कान पिळला. "माझी बी नोंद घे. मी काय गावाभाईरचा हाय का?"

आठ दिवसांनी वही भरली. अर्ध्या तासाची सरासरी कमीत कमी बारा, कारण हंगामात ट्रॅक्टर रात्रीही थांबत नाहीत. जास्तीत जास्त झटका अडुसष्ट. सरांनी सरासरीसाठी खालचं टोक बारा ठेवलं, झटक्यासाठी वरचं सत्तर, आणि मुलीला फोन करून सांगितलं.

"पप्पा, वरचं ठीक हाय. खालचं एकावर ठेवा. ते नुसतं वायर तुटल्यावर कळायला हाय."

"ऋतुजा, मोजमाप म्हणजे मोजमाप. आठ दिवसांत एकदाही बाराच्या खाली गेलं नाही. मग बाराच."

"अहो पण पप्पा..."

"बावीस वर्षं शिकवतोय मी," सर म्हणाले, आणि तिथं शास्त्र संपलं.

नशीब बघा, त्यानंतर भोंगा झालाच नाही. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. भाकरी थापल्या गेल्या, मका दळला, पंढरीचा ट्रॅक्टर गाणी लावून उतरला, पेटी गप्प. मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर अभिनंदन केलं. सरांनी डायरीतले जुने बोल खोडले नाहीत, पण पान उलटलं. शिवप्पा काकांना मात्र करमेना. ते भोंग्याविना दोनदा चहाला येऊन गेले.

मार्चच्या मध्यात सर आईपुढे बसले. "माय, बघितलंस ना? तीन हप्ते झाले, उगं वराडलं न्हाई. आता तरी चल आत."

"भूकंप आल्यावर वराडलं का?"

"भूकंप आलाच न्हाई की."

"मंग आल्यावर वराडतंय हे कसं कळावं?"

सर उठून गेले. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत, आणि वहिनींनीही आग्रह केला नाही, कारण चौथी भाकरी टाकण्याएवढा त्यांचाही जीव थाऱ्यावर नव्हता. ऊन वाढत चाललं होतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी कारखान्याचा हंगाम संपला. बाराच्या सुमाराला उसाची शेवटची ट्रॉली हार घालून, गुलाल उधळत, बँड लावून घरासमोरून गेली. पंढरीनं गतिरोधकावर थांबून सरांना गुलाल लावला आणि म्हणाला, "येतो सर. आता दिवाळीलाच." गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मग सगळे आपापल्या घरी गेले. दोन वाजता लाईट गेली आणि दगडोबाची गिरणी थांबली. वहिनींनी पुरणपोळी केली होती. ती खाऊन सर पुढच्या खोलीत सतरंजीवर आडवे झाले. इतकी शांत दुपार त्या रस्त्यावर पाच महिन्यांत झाली नव्हती. पानसुद्धा हलत नव्हतं.

पावणेतीनला भोंगा झाला.

पाच आठवड्यांच्या विश्रांतीनं त्याचा आवाज ताजातवाना झाला होता. सर झोपेतून उठले नाहीत, ते थेट धावलेच. सतरंजीवरून दारात, दारातून पायरीवर, पायरीवरून अंगणात. बनियन, पट्ट्याची चड्डी, गालावर गुलाल. एक हात डोक्यावर धरलेला. तीन ढांगांत ते शेवग्याच्या झाडापाशी पोचले आणि मग ओरडले, "माय! भाईर ये!"

गल्ली धावत आली. या वेळी कुणी चहासाठी आलं नव्हतं, कारण ट्रॅक्टर नव्हता, गिरणी नव्हती, भाकरीची वेळ नव्हती. म्हणजे हा खरा. शिवप्पा काका काठी घरीच विसरून आले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर आल्या. सरांनी शेडात डोकावलं. बाज रिकामी. चुलीपाशी कुणी नाही. ओलं फडकं खुंटीला.

"माय कुठाय?" सरांचा आवाज एकदम लहान झाला. "महादेवी, माय कुठाय?"

तेवढ्यात दगडोबानं फोन बघितला, कारण आताशा संदेश त्यालाही यायचा. "सर, आकडा अकरा हाय."

"एकशेअकरा?"

"न्हाई, अकरा. एकावर एक."

शिवप्पा काकांनी डोळे बारीक केले. "म्हंजे बाराच्या खाली. म्हंजे... रामलिंगा, काहीच हालंना म्हून बोंबललं व्हय हे?"

सगळी गल्ली सरांकडे बघायला लागली. पाच महिन्यांचा हंगाम हाच जमिनीचा स्वभाव असं सरांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं, आणि आज जमीन निवांत झाली म्हणून यंत्रानं गाव गोळा केलं होतं. पण सरांना आत्ता ते काही नको होतं. त्यांना आई हवी होती.

"अरं, हितं हाय मी," आतून आवाज आला.

आवाज घरातून आला होता. खोलीतून. सगळे खिडकीकडे वळले. जाळीतून पलंग दिसत होता, आणि पलंगावर कस्तुराबाई. पाय पसरून, उशी मानेखाली, पदरानं वारा घेत. वर स्लॅब.

"माय, तू आत?"

"मंग कुठं? भाईर भाजून निघायलं." भोंगा अजून त्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर किंचाळत होता. त्या जराशा वरच्या पट्टीत बोलल्या, एवढंच. "जेवून तू घोरायलास, तवाच आले मी. गार हाय की रं खोली."

"पन... हे वाजायलंय, आन तू झोपलीस?"

"रामा, आजवर एकेचाळीस बार वराडलंय हे. मी मोजलंय. दर बारी तुमी सगळे भाईर पळालाव, आन मी शेडात बसून घराकडं बघितलं. एक बारीबी घर जागचं हाललं न्हाई. टॅक्टर गेला, गिरनी फिरली, बाया फुगड्या खेळल्या, साधी चीर पडली न्हाई. मंग म्हनलं, मशीन येडं हाय, पन घर पक्कं हाय. आज बेचाळीसावं."

दगडोबानं फोनमधे साठलेल्या नोंदीत सगळे भोंगे मोजले. बेचाळीस बरोबर भरले. मग वहिनी हसल्या, आणि त्यांचं बघून गल्ली हसली, आणि हसता हसता वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी नको ते सांगून टाकलं. "आत्याबाई, तुमी आत आलाव, आता ह्यांचं बघा. बत्तीस वर्षं सगळ्यांना सांगत्यात, माय भिती म्हून. आन सोता दाराला कडी लावू देत न्हाईत. कडी लावली की झोप लागत न्हाई ह्यांना."

सर शेवग्याखाली उभे होते. हात अजून डोक्यावर होता, तो त्यांनी खाली घेतला. शिक्षकाला असं भर गल्लीत, बनियनवर, स्वतःबद्दल खरं ऐकावं लागू नये. पण खरं होतं. लोखंड किती घातलंय हे त्यांना पाठ होतं, आणि भोंगा होताच ते आईच्या आधी, कुणाच्याही आधी, बाहेर होते. त्यांना लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं, की उभ्याउभ्या रडू येईल असं झालं. आई आत होती. पंखा बंद असलेल्या पण गार खोलीत, पलंगावर, उन्हाळ्याच्या आत.

ते पायरीपर्यंत गेले. उंबऱ्यापर्यंत गेले. कस्तुराबाई इतकी वर्षं बसायच्या तिथंच त्यांचे पाय थांबले. नजर आपोआप वर स्लॅबकडे गेली. भोंगा वाजतच होता, तो बंद करायला कुणीतरी आत जाणं भाग होतं.

"भ्या वाटतंय व्हय?" आईनं विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

"हाव," रामलिंग सर म्हणाले.

कस्तुराबाई पलंगावर जराशा सरकल्या आणि शेजारची जागा हातानं थोपटली.

"वर नगं बघू. माझ्याकडं बघत ये."